एक रिमोट आणि तीन चेंजर

"आज तरी आणणार आहात ना तो सीडी चेंजर, की अजून कोणाचं मत घ्यायचं राहिलंय?" बायकोने दारातच अडवून विचारले.

तपासनीस बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, "अगं, घाईघाईत घेतला आणि आवाज फुटका निघाला तर? तुझ्याच क्लासची अडचण होईल."

"आवाज फुटका निघाला तर बघू. आवाजच नसला तर काय करू? शनिवारी बायका येणारेत. त्यांच्यापुढे मी तोंडाने टाळ वाजवू?"

तपासनीस लिफ्ट तपासण्याच्या खात्यात होते. इमारतीतली लिफ्ट ठीक आहे असा शेरा मारण्याआधी ते तिच्या दारात उभे राहायचे आणि वरखाली करणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "कशी चालते हो?" यंत्र आपल्याविषयी काही सांगत नाही, रोज वापरणारा माणूस सांगतो, हे त्यांचे नोकरीतले तत्त्व. ते त्यांनी घरातही आणले होते. घरातली इस्त्री, गादी आणि पंखा या तिन्ही गोष्टी आधी चार घरांत चौकशी होऊन मगच आल्या होत्या. बायकोचा अपवाद झाला होता, कारण ते स्थळ त्यांच्या आईने परस्पर ठरवले होते.

आता प्रश्न बायकोच्या क्लासचा होता. टायपिस्टची नोकरी सोडून तिने प्रौढ बायकांसाठी संगीतावर व्यायाम सुरू करायचे ठरवले होते. शनिवारचा पहिला वर्ग फुकट. आवडला तर बायका नावे देणार, नाही आवडला तर ऑफिसात परत जाऊन साहेबांपुढे मान खाली घालायची. आधी जलद गाणी, मग संथ, मग विश्रांतीची. मध्येच सीडी बदलायला जावे तर हात रिकामे नसणार, कारण बायका तोल जाऊन पडू नयेत म्हणून त्यांना धरायचे होते. म्हणून पाच सीड्या मावतील असा, खिशाला परवडणारा चेंजर तिने दुकानात पाहून ठेवला होता. आणायचे काम तेवढे नवऱ्यावर सोपवले आणि तिथेच तिचे चुकले.

तपासनीसांनी दुकानदाराकडून चेंजर घेतला नाही, तो आधी कोणाकोणाला विकलाय ते विचारून घेतले. योगायोगाने तिन्ही गिऱ्हाइके ओळखीचीच निघाली.

पहिले दातांचे डॉक्टर. "आवाज ऐकायला आलोय," असे तपासनीसांनी बाहेर नंबर देणाऱ्या बाईला सांगितले. तिने "बसा" म्हटले आणि नंबर आला तसे आत पाठवून दिले. चेंजर खुर्चीच्या डोक्याशीच होता. त्यातून बासरी वाजत होती.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"नाही, मी फक्त याचा आवाज..."

"हो, हो. आ केल्यावर जास्त चांगला ऐकू येतो. अरेरे! ही दाढ कधीपासून अशी आहे?"

पुढचा बराच वेळ तपासनीस फक्त ऐकत होते. दाढ कोरत असताना डॉक्टरांनी आपले मत सविस्तर दिले. "ड्रिल चालू असलं तरी बासरी स्पष्ट येते, म्हणजे बघा. आणि किमतीचं म्हणाल, तर वसूल आहे. आता तुमच्यासारखे लोक नुसतं ऐकायला येतात आणि दाढ भरून जातात."

अर्धा जबडा बधिर झालेल्या अवस्थेत ते आपल्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेले. सरांनी अभिमानाने चेंजर उघडून दाखवला. एका कप्प्यात सीडी होती, उरलेल्या चारांत गोळ्या.

"ही रक्तदाबाची, ही पित्ताची, ही झोपेची," सर म्हणाले. "बटण दाबलं की कप्पा फिरून समोर येतो. या किमतीत असा गोळ्यांचा डबा मला दुसरीकडे दाखवा!"

"आणि आवाज?" तपासनीसांनी बधिर तोंडाने कसेबसे विचारले.

"खट्, एवढाच येतो. मला चालतो."

तिसरा चेंजर तपासनीसांच्या ताईकडे होता. ताईचे यजमान बँडमध्ये मोठा ढोल वाजवून निवृत्त झालेले. त्यांनी आवाज इतका वाढवला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"ऐकलंत? याला म्हणतात बेस!" भाऊजी ओरडले.

"काचा ढिल्या आहेत म्हणून थरथरतात," ताई म्हणाली. "वर्षभर सांगतेय, बसवून घ्या. त्यापेक्षा सीडी बदलताना तो जो घर्रर्र करत थांबतो ना, ते मला आवडतं. तेवढ्यात आम्ही एकमेकांशी दोन शब्द बोलून घेतो."

एवढी साक्षीपुराव्यांची पूर्तता झाल्यावर तपासनीस शनिवारी सकाळी खिशात पैसे घेऊन दुकानात हजर झाले. दुकानदाराने हात जोडले. "साहेब, शेवटचा काल संध्याकाळी गेला. आता नवा माल आठवड्याने. ज्यांनी नेला त्यांना कसा वाटतोय, विचारून सांगू का?"

तपासनीसांना घाम फुटला. घरी हात हलवत जाणे शक्य नव्हते. ते तडक ताईकडे गेले आणि तिचा चेंजर काखोटीला मारून निघाले. जिना चढताना मुख्याध्यापकांनी त्यांना गाठले.

"हे काय? माझ्याकडे असताना तुम्ही दुसऱ्याचा आणलात? म्हणजे माझ्या चेंजरमध्ये काही खोट आहे?"

"तसं नाही सर, पण तुमच्या गोळ्या..."

"गोळ्यांचं मी बघतो," म्हणत सर आपला चेंजर घेऊन मागोमाग वर आले. दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या मातोश्री वर्गाला आल्या त्याही चेंजरसकट. मुलाने सांगितले होते, बिचाऱ्यांना फार गरज आहे, दवाखाना आज बंदच आहे, घेऊन जा.

बायकोने टेबलावर ओळीने मांडलेले तीन एकसारखे चेंजर पाहिले आणि नवऱ्याकडे पाहिले. ताई, सरांच्या बाई आणि डॉक्टरांच्या मातोश्री तिघीही वर्गाला आल्या होत्या. कोणाचाही चेंजर बाजूला ठेवला असता तर एक बाई कायमची दुखावली असती. मग तिनेच तोड काढली. ताईच्या चेंजरमध्ये जलद गाणी, सरांच्यात संथ, मातोश्रींच्यात विश्रांतीची. पाळीपाळीने वाजवायचे. सगळ्यांचा मान राहील.

"चला, हात वर!" ती म्हणाली आणि ताईच्या चेंजरकडे रोखून रिमोटचे बटण दाबले.

तिन्ही चेंजर एकदम सुरू झाले.

एकाच कंपनीचे एकाच जातीचे तीन चेंजर एका टेबलावर असले की एक रिमोट तिघांनाही हुकूम देतो, ही गोष्ट कोणत्याही मालकाच्या अभिप्रायात आलेली नव्हती. येणार तरी कशी, प्रत्येकाकडे एकेकच होता! एका बाजूने ढोल धडधडू लागले, मधून कोणीतरी आळसावून गाऊ लागले, तिसरीकडून बासरी आणि पाण्याची झुळझुळ. बायकोने घाईने बटण दाबले, तिघेही बंद. पुन्हा दाबले, तिघेही चालू.

"पुढची सीडी लावून बघ!" तपासनीस ओरडले.

तिने तेही केले. तिघेही घर्रर्र करून फिरले. ताईच्या चेंजरमधून भाऊजींचे बँडपथक निघाले, मातोश्रींच्या चेंजरमधून पक्ष्यांची किलबिल, आणि सरांच्या चेंजरमधून दगड भरडल्यासारखा आवाज.

"माझी पित्ताची गोळी!" मुख्याध्यापक दारातून किंचाळले. तीन गोळ्या त्यांना सापडल्या होत्या, चौथी राहून गेली होती.

बायको खोलीच्या मधोमध उभी होती. डोळे भरून आले होते. सोमवारी ऑफिसात परत जाताना साहेब काय म्हणतील, शेजारच्या टेबलावरची बाई कशी बघेल, हे सगळे तिला त्या क्षणी दिसत होते. तपासनीसांना ते कळले आणि फार वाईट वाटले. इतक्या लोकांना विचारत फिरलो आणि हिच्या कामाचा विचका केला, असे म्हणत ते प्लग उपटायला धावले.

"थांबा!" ती अचानक म्हणाली. "राहू द्या."

ती बायकांकडे पाहत होती. सरांच्या बाई, ज्यांना भाजी आणतानाही कोणी भराभर चालताना पाहिले नव्हते, त्या बँडच्या तालावर गुडघे उचलत खोलीभर फिरत होत्या. मागून आणखी दोघी. डॉक्टरांच्या मातोश्री पक्ष्यांचा आवाज ऐकताच सतरंजीवर आडव्या होऊन लांब श्वास घेत होत्या. ताई, जिच्या घरी रोज ढोल वाजतो, ती कानावर हात ठेवून म्हणत होती, "मला बाई ते मधलं संथ हवंय. गोळी काढा आणि पुन्हा लावा."

"प्रत्येकीला वेगळं हवंय," बायको पुटपुटली. मग एकदम मोठ्याने, "अहो, एक चेंजर आतल्या खोलीत न्या, एक गॅलरीत. भिंत मधे आली की रिमोट लागणार नाही. दमलेल्या आत, गुडघे दुखणाऱ्या गॅलरीत, चालणाऱ्या इथे!"

तपासनीस आणि मुख्याध्यापकांनी धावपळ करून सामान हलवले. बायको तिन्ही ठिकाणी फिरत राहिली, कोणाचा हात धरला, कोणाची पाठ सरळ केली. तिच्या आवाजाला अशी धार आली होती की तो भिंतीपलीकडेही ऐकू जात होता. वर्ग संपला तेव्हा बायका घामाघूम होऊन हसत होत्या. सरांच्या बाईंनी सगळ्यांच्या आधी नाव दिले आणि नवऱ्यालाही पाठवू का, असे विचारले.

मग चेंजर परत नेण्याची वेळ आली आणि वाद पेटला. ताई म्हणाली, आपल्याच चेंजरचा आवाज सर्वात गोड, आणि तिने मातोश्रींच्या चेंजरवर हात ठेवला. मातोश्री म्हणाल्या, आमच्या चेंजरची सर कोणाला नाही, आणि त्यांनी सरांचा उचलला. सरांनी तो हिसकावून हलवला. आत गोळीचा चुरा खुळखुळला तेव्हा कुठे मिटले.

सगळे गेल्यावर बायको रिकाम्या टेबलाशी बसली. चेहरा थकलेला आणि उजळलेला होता. तपासनीस पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"काय?" तिने विचारले.

"छान शिकवतेस तू," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं. माझी कंबर धरते हल्ली लिफ्टमध्ये उभं राहून. माझं नाव घेशील क्लासात?"

बायकोने पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाली, "इतकी घाई करू नका. ज्या आज येऊन गेल्या त्यांना आधी विचारा, कसा वाटतो क्लास. तिघी-चौघींकडे जाऊन या."

"नाही," तपासनीस म्हणाले. त्यांनी चप्पल काढली, सतरंजीवर जाऊन उभे राहिले आणि कोणालाही न विचारता दोन्ही हात वर केले.