यादीतली हिरवी गाडी

शनिवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत उपेंद्र गायधनींनी तीनदा आंघोळीचा टॉवेल खांद्यावर घेतला आणि तीनदा तो तसाच घेऊन खाली गाडीपाशी जाऊन आले. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांना शनिवारची सुट्टी असते, त्यामुळे त्यांना ऑफिसला जायचं नव्हतं. पण घरात बसणंही जमत नव्हतं.

"अहो, सुभेदार चारला येणार आहेत," मालिनीबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "आत्ता कुठे अकरा वाजतायत."

"म्हणजे पाचच तास राहिले!" असं म्हणून गायधनी चौथ्यांदा खाली गेले.

गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हती. ती लष्कराची जुनी रिकव्हरी गाडी होती. दहा चाकांची, गडद हिरवी, पाठीवर लोखंडी क्रेन आणि पुढे मनगटाएवढ्या जाड तारेचं विंच. रणांगणावर बंद पडलेल्या, चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढणं हे तिचं काम. चार वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णव साली, देवळालीच्या भंगाराच्या लिलावात गायधनींनी ती घेतली. लोक लिलावातून कपाटं आणतात, पंखे आणतात. गायधनींनी अकरा टनांची गाडी आणली आणि गंगापूर रोडला सोसायटीच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर उभी केली. सोसायटीत तिला सगळे "रणगाडा" म्हणत. रणगाडा वेगळा आणि ही वेगळी, हे गायधनींनी सोसायटीच्या दोन वार्षिक सभांमध्ये सांगून पाहिलं होतं. तिसऱ्या सभेत त्यांना बोलूच दिलं नाही.

गाडी चालू केली ती कोंडाजी महालेंनी. कोंडाजी पेठ तालुक्याकडचे. लष्कराच्या वर्कशॉपमधून हवालदार होऊन निवृत्त झालेले. दर शनिवारी एसटीनं यायचे, दिवसभर गाडीखाली पडून राहायचे. त्यांचे उस्ताद म्हणजे सटाण्याचे सुभेदार झिपरू अहिरे. सुभेदारांनी एकाहत्तरच्या लढाईत अशीच गाडी चालवली होती. आता वय पंचाहत्तर. गेल्या महिन्यात त्यांचं कार्ड आलं होतं, वेड्यावाकड्या अक्षरांत: "डोळे चालले. त्याआधी एकदा गाडी बघू द्या."

ते कार्ड आल्यापासून गायधनींची झोप उडाली होती. त्यांनी गाडीला नवा रंग दिला, नळ्या घासल्या, हेडलाइटच्या काचा चिंचेनं चोळल्या.

"साहेब, आता हात लावू नका," कोंडाजी म्हणाले. "लय चकाचक झाली. उस्ताद वळखायचे नायत."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक पिवळी क्रेन वळली.

क्रेनमधून धनराज उतरला. बेवारस गाड्या रस्त्यावरून उचलण्याचं कंत्राट ज्याच्याकडे होतं, त्या ठेकेदाराचा हा मुकादम. शर्टाच्या खिशात मोबाइल आणि हातात यादी.

"हिरवी लष्करी गाडी, बेवारस," त्यानं वाचलं. "तुमच्याच सोसायटीचा अर्ज हाय. बाजूला व्हा."

"बेवारस कशी? ही माझी आहे!"

"मग पासिंगचे कागद दाखवा."

गायधनी धावत वर गेले आणि लिलावाची पावती घेऊन धावत खाली आले. धनराजनं ती नीट वाचली.

"यात तर 'भंगार' लिहिलंय."

"ते लष्करानं लिहिलंय. आम्ही ती दुरुस्त केलीय."

"साहेब, तुम्हीच सांगा. गाडी असंल तर पासिंग दाखवा. भंगार असंल तर भंगार रस्त्याकडेला ठेवता येत नाय. दोन्हीकडून मला उचलावीच लागती."

गायधनींनी पावती त्याच्या हातातून परत घेतली. त्यांनी घड्याळात पाहिलं. बारा वाजायला आले होते.

"चारनंतर न्या. माझे पाहुणे..."

"चारनंतर आमची सुट्टी असती."

कोंडाजी मात्र शांतपणे फडक्याला हात पुसत होते. "पोरा," ते धनराजला म्हणाले, "हिचं वजन अकरा टन हाय. तुझी क्रेन मोटारी उचलायची हाय. नको नादी लागू."

"आम्ही टेम्पो उचलतो, आजोबा."

"हा टेम्पो नाय."

धनराजनं हात हलवला. क्रेन मागे मागे येत हिरव्या गाडीच्या नाकाला लागली. पोरांनी हूक बंपरला अडकवला. क्रेनचं इंजिन गुरगुरलं, तार ताणली गेली, आणि सगळ्या सोसायटीच्या देखत एक गाडी हळूहळू वर उचलली जाऊ लागली. ती पिवळी होती. हिरवी गाडी जागची हलली नाही. क्रेनचीच पुढची चाकं जमीन सोडून वीतभर वर आली.

"बॉनेटवर बसा रे!" धनराज ओरडला.

दोघं जण बॉनेटवर चढले. चाकं थोडी खाली आली. तार आणखी ताणली, चाकं पुन्हा वर गेली. मग आणखी दोघं चढले. शेवटी धनराज स्वतः चढला आणि यादीनं वारा घेत तिथून हुकूम सोडू लागला. गायधनींना आपल्या बंपरच्या काळजीनं घाम फुटला होता. "अहो, सकाळीच दिलाय, रंग ओला आहे!" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ओल्या रंगानंच घात केला. हूक बंपरवरून सटकला. क्रेनचं नाक पाच माणसांसकट धाडकन खाली आदळलं. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. पुढची दोन्ही चाकं दोन दिशांना फाकली आणि क्रेन गल्लीच्या तोंडाशी आडवी बसली. पाचही माणसं धडधाकट होती. फक्त कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पहिली पाच मिनिटं गंमत वाटली. मग गॅस सिलिंडरची गाडी येऊन थांबली. तिच्यामागे पाण्याचा टँकर. आतून सोसायटीचे सेक्रेटरी मोटार घेऊन निघाले, त्यांना मेव्हणीच्या साखरपुड्याला दिंडोरीला जायचं होतं. बाजूला पैठणी नेसलेल्या बाई, मागच्या सीटवर मिठाईची खोकी.

"दीडचा मुहूर्त आहे!" सेक्रेटरी काच खाली करून म्हणाले. "हे काय मध्ये?"

"क्रेन आहे," गायधनी म्हणाले. "तुमच्या अर्जावरून आली."

सेक्रेटरींनी काच वर केली. थोड्या वेळानं पुन्हा खाली केली. "उपेंद्रराव, तुमचा तो रणगाडा... म्हणजे ती रिकव्हरी गाडी... ती हेच काम करते ना?"

चार वर्षांत सोसायटीतल्या कुणीतरी पहिल्यांदा तिला बरोबर नावानं हाक मारली होती. गायधनींना भरून आलं. पण साडेबारा वाजले होते.

"कोंडाजी, किती वेळ लागेल?"

"नाक उचलायचं, पाच मिन्टं. ठेवायची कुठं ते सांगा."

"इथं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या भिंतीला नको," शेजारच्या बंगल्यातून आवाज आला. धनराज घाबराघुबरा झाला होता. "साहेब, रस्त्यावर नका टाकू. मालक लासलगावला गेलेत, फोन लागत नाय. आमच्या पेठ रोडच्या आवारात नेऊन द्या. अर्ध्या तासात परत याल. हात जोडतो."

गायधनींनी हिशेब केला. एक वाजता निघालो, तर दोनपर्यंत परत. मग आंघोळ. मग बंपरला रंगाचा एक हात. "चला," ते म्हणाले.

कोंडाजींनी खटका दाबला. गाडी खोकली, थरथरली, गल्लीभर काळा धूर झाला, आणि मग ती अशी धडधडायला लागली की सेक्रेटरींच्या मिठाईची खोकी सीटवरून घसरली. कोंडाजींनी गाडी प्लॉटमधून फिरवून क्रेनच्या नाकाशी पाठ आणली, साखळ्या टाकल्या आणि क्रेन मांजराचं पिल्लू मानेला धरून उचलावं तशी उचलली. गल्लीत टाळ्या पडल्या. मालिनीबाई हातात लाटणं घेऊन गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला.

अशोकस्तंभापाशी वाहतूक हवालदारानं ती हिरवी गाडी येताना पाहिली, चारी बाजूंचा रस्ता अडवला आणि कडक सलाम ठोकला. गायधनींनी गोंधळून नमस्कार केला. कोंडाजींनी मात्र सलामाला सलाम दिला. रामवाडीच्या पुलावर मागे मोटारींची रांग लागली. गाडी पहिल्या गिअरच्या वर जायला तयार नव्हती. गायधनी सीटवर पुढे सरकून बसले होते, जणू त्यामुळे ती लवकर पोचणार होती.

"साहेब, टेका की मागं."

"दीड वाजला, कोंडाजी!"

"रिकव्हरीवाल्यानं घाई केली की दोन गाड्या अडकत्यात," कोंडाजी म्हणाले.

पेठ रोडच्या आवारात ते पोचले तेव्हा दोनला दहा कमी होते. आत जप्त केलेल्या हातगाड्या, गंजलेल्या रिक्षा, चाकं नसलेल्या स्कूटर. कोंडाजींनी गाडी आत घेतली आणि क्रेन अलगद खाली ठेवली. त्यांच्यामागे फाटक बंद झाल्याचा आवाज आला.

फाटकाला कुलूप लावून धनराज वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा घाबरटपणा गेला होता.

"साहेब, राग मानू नका," तो म्हणाला. "यादीतली हिरवी गाडी आवारात आणायची होती. आली."

गायधनींना आधी कळेचना. मग कळलं, आणि ते गाडीच्या पायरीवरच बसले. कोंडाजींनी हातातला पाना इतक्या सावकाश खाली ठेवला की धनराज दोन पावलं मागे सरकला.

"मी तुझी क्रेन आणून दिली!" गायधनी म्हणाले.

"उपकार झाले. पण काम ते काम."

आवाराच्या खोलीत टेलिफोन होता. गायधनींनी घरी फोन लावला. मालिनीबाईंनी पहिल्या घंटीलाच उचलला.

"अहो, आहात कुठे? सुभेदार आलेसुद्धा! कोणाची तरी जीप मिळाली म्हणे त्यांना. प्लॉटवर उभे आहेत आणि रिकाम्या जागेकडे बघतायत. मला विचारतात, 'बाई, ती समोर आहे आणि मला दिसत नाही, असं तर नाही ना?'"

"त्यांना इकडेच घेऊन ये, पेठ रोडच्या आवारात," गायधनी म्हणाले.

हे सगळं बोलणं टेबलापलीकडे बसलेल्या सिंधुबाई ऐकत होत्या. आवारात येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद त्या करत. रजिस्टर सरकारी, पानांवर आकडे छापलेले, त्यामुळे पान फाडायची सोय नव्हती आणि खाडाखोड केली तर सिंधुबाई स्वतःच रात्रभर झोपल्या नसत्या. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

"धनराज, काय आणलंस?"

"लिहा. हिरवी लष्करी गाडी, बेवारस."

"थांब. रकान्याप्रमाणे जाऊ दे. ओढून आणलेलं वाहन कोणतं?"

"हिरवी गाडी."

"ओढून कोणतं आणलं?"

धनराजनं खिडकीबाहेर पाहिलं.

"मी खिडकीतच होते," सिंधुबाई म्हणाल्या. "हिरवी गाडी पुढं होती. पिवळी क्रेन मागं होती, नाक वर करून. ओढून आणलेलं वाहन, क्रेन. ज्या वाहनाने आणलं ते, हिरवी गाडी." पेन चालू लागलं.

"बाई! ती आपलीच क्रेन हाय!"

"आपली आहे असा रकाना नाही."

"अहो, पण यादीत हिरवीचं नाव हाय, बेवारस म्हणून!"

सिंधुबाईंनी गायधनींकडे पाहिलं. घामानं भिजलेले, तेलानं माखलेले, केस उभे राहिलेले गायधनी. "हे कोण?"

"गाडीचे मालक."

"मग बेवारस कशी? वारस समोर बसलाय की." त्यांनी यादीतल्या नावावर सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. "आणि आणणारं वाहन काम झालं की आवारात थांबत नाही. फाटक उघड."

"आणि क्रेन?"

"क्रेनची नोंद झाली. मालकानं कागद घेऊन यावं, अर्ज करावा. फाटक उघड म्हटलं ना."

वीस मिनिटं हुज्जत घालून धनराजनं कुलूप काढलं त्याच वेळी बाहेर जीप येऊन थांबली. मालिनीबाईंनी हात धरून सुभेदारांना उतरवलं. पांढरा सदरा, छातीवर पदकं, डोळ्यांवर जाड भिंगं. कोंडाजी ताठ उभे राहिले. गायधनींना गाडीकडे बघवेना. बंपरचा रंग खरवडला गेला होता, चाकांना चिखल, पाठीवरच्या क्रेनवरून तेलाचे ओघळ, काचांवर धूळ. महिनाभराची सगळी मेहनत एका दुपारभरात गेली होती.

"सुभेदारसाहेब, माफ करा," ते म्हणाले. "सकाळी पाहायला हवी होती. आरशासारखी केली होती."

सुभेदारांनी त्यांचं ऐकलंच नाही. त्यांनी हात पुढे करून बंपर चाचपला. मग विंच, मग तेलाचा ओघळ. बोटं नाकाशी नेऊन वास घेतला.

"हाईच शे," ते आपल्या अहिराणीत हळूच म्हणाले. "हाईच शे ती." मग एकदम कोंडाजींकडे वळून खड्या आवाजात: "कोंडाजी! आत्ता कामावरून आली ना ही?"

"जी, उस्ताद!"

"वाटलंच. स्वच्छ गाडी मी कधी पाहिलीच नाही हो," ते गायधनींना म्हणाले. "स्वच्छ गाडी म्हणजे साहेबाची तपासणी. आम्हाला ताप यायचा. लढाईत मी एक गोळी झाडली नाही. चौदा दिवस नुसता दुसऱ्यांना चिखलातून ओढत होतो." त्यांनी पिवळ्या क्रेनकडे मान वळवली. "ही कोणाची?"

"शत्रूची," कोंडाजी म्हणाले.

सुभेदार इतके हसले की पदकं वाजली. कोंडाजींनी त्यांना उचलून चालकाच्या सीटवर बसवलं. सुभेदारांनी स्टिअरिंग धरलं, डोळे मिटले, आणि खटका दाबला. गाडी पहिल्याच वेळेस चालू झाली.

गायधनी आज पहिल्यांदाच कुठे पळत नव्हते. ते गाडीच्या पायरीला टेकून नुसते बघत उभे होते. धनराज जवळ आला. हातातली यादी त्यानं घडी करून खिशात टाकली होती.

"साहेब, ही क्रेन गॅरेजपर्यंत न्यायला पायजे. नाशकात तिला उचलणारं दुसरं कोणी नाय. सोमवारी जमंल का?"

"सोमवारी कंपनी असते. शनिवारी बघू."

"शनिवारी नाय जमायचं," धनराज सवयीनं म्हणाला. "शनिवारी यादीतल्या गाड्या उचलायच्या असत्यात."

"कशानं?" गायधनींनी विचारलं.