मधल्या खोलीतला पॅरलल

टूंऽ. टिर्रर्र. खर्रर्र. मग सगळं गप्प.

भौतिकशास्त्र, दुसऱ्यांदा दिलेलं.

लोणावळ्यातल्या एका हॉटेलाने टाकून दिलेला कंप्युटर. कडेला अजून ‘रिसेप्शन’ अशी पट्टी.

वस्तीतल्या हौशीरामच्या बायकोला निरोप: भाऊ रविवारी येतोय, पण कोंबडी नको, त्याचं पोट बिघडलंय.

सन दोन हजार तीन, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

या सगळ्या गोष्टी मळवलीत प्रदीपच्या घरी टेलिफोनच्या एकाच तारेला लटकल्या होत्या. फेरपरीक्षेचा निकाल इंटरनेटवर लागला होता आणि त्याची मुलगी अमृता सकाळपासून जेवली नव्हती. भौतिकशास्त्र सुटलं तर नर्सिंग. नाहीतर मामाने आणलेलं स्थळ बघायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे अमृता सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं.

प्रदीप कळ दाबी, मोडेम किंचाळे, आणि बरोबर अर्ध्या मिनिटाने जोडणी तुटे. त्याने कंप्युटर बंद करून चालू केला. वायरीचं टोक काढून फुंकर मारली. मोडेम तापला असेल म्हणून त्याला टेबलफॅनच्या वाऱ्याला बसवलं. अमृता खिडकीशी घामाघूम, पण पंखा मोडेमकडेच. शेवटी तो फाटकाजवळच्या खांबावर चढलेल्या लाइनमन बजरंगला खाली उतरवून घेऊन आला. बजरंगने तार तपासली, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाला, “लाइन चोख हाय, भाऊ. भूत तुमच्या पेटीतच हाय.”

अकराव्या खेपेला कळ दाबून प्रदीप पान्हा शोधायला मधल्या खोलीत गेला. तिथे त्याच लाइनीवरचा दुसरा, पॅरलल फोन होता. मोडेम नंबर फिरवू लागला की त्याची घंटी बारीक किणकिणायची, हे त्याला आज पहिल्यांदा ऐकू आलं. त्याची आई शकुबाई गुडघे सांभाळत स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले आणि रिसीव्हर उचलला.

“जयभीम. कोन बोलतंय?” ती थोडा वेळ ऐकत राहिली. “रडू नगा. सावकाश सांगा.”

आतल्या खोलीत अमृता ओरडली, “पप्पा, परत गेलं!”

प्रदीपने कपाळाला हात लावला. वस्तीतल्या तीस घरांचा हाच पीपी नंबर. लग्नपत्रिकांवर हाच, नोकरीच्या अर्जांवर हाच. बाळंतपणं, बदल्या, मयती, सगळे निरोप शकुबाई घरोघर पोचवी. घंटी वाजली आणि तिने उचलला नाही, असं कधी झालं नव्हतं.

“आई, सकाळपासनं तूच उचलतीयेस?”

“मंग? कुनीतरी लय तळमळतंय बग. नाव बी सांगता येईना त्याला.”

“तो आपलाच कंप्युटर आहे.”

“मंग घरातल्या घरात फोन कशापायी करतोय?”

 प्रदीपने तिला खाटेवर बसवलं आणि फोनला हात लावणार नाही असं कबूल करून घेतलं.

बाराव्या खेपेला जोडणी लागली. पान वरून खाली रेघारेघांनी उतरू लागलं. अमृताचं नाव आलं. आईचं नाव आलं. इंग्रजी आलं. रसायनशास्त्र आलं. भौतिकशास्त्राचा वरचा अर्धा भाग आला, आणि जोडणी तुटली.

“आई!”

“लय टाइम झाला, कुनाचाच फोन न्हाई,” मधल्या खोलीतून आवाज आला. “मेला का जित्ता हाय, तेवडं बगितलं. हा ठिवला.”

ठेवला आणि लगेच घंटी वाजली. किणकिण नव्हे, चांगली खणखणीत. अडवायला कोणी उठायच्या आत शकुबाईने उचलला.

“जयभीम... व्हय... व्हय... बरं.” तिने रिसीव्हर छातीशी धरला. “अमे, तुज्या कॉलेजातल्या बाई हायेत. तासभर लावत व्हत्या म्हनं, सारका बिझी. फिजिक्सात सत्तेचाळीस म्हनत्यात. चांगलं का वंगाळ?”

अमृता होती तिथेच फरशीवर बसली आणि तिने भात मागितला.

प्रदीप कंप्युटरसमोर उभा होता. मोडेमवर पंखा सुरूच होता.

या फोनचा अर्ज चौऱ्याण्णव साली शकुबाईने स्वतः सही करून दिला होता. सही करायला ती आदल्याच महिन्यात शिकली होती.