तिसरा स्पिनर आणि गहिनीनाथची मिशी

गहिनीनाथची मिशी बुधवारी सकाळी पावणेदहा वाजता तिसऱ्या स्पिनरपायी गेली.

मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती आणि पाचवी, निकालाची कसोटी गुरुवारी सुरू व्हायची होती. संघ निवडायचं काम कडा गावात आसारामच्या सलूनमध्ये चार दिवस चाललं होतं. निवड समितीत तिघं. आसाराम स्वतः, समोरचा कापडवाला केदारनाथ आणि खतं-बियाणांच्या दुकानाचा मालक गहिनीनाथ. दहा खेळाडूंवर तिघांचं एकमत होतं. अकराव्यावर अडलं होतं.

"खेळपट्टी वाळलेली हाय. तीन स्पिनर घ्या, चौथ्या दिवशी घरी," आसाराम म्हणाला. त्याच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली गहिनीनाथ होता.

"आन् रना कोन काढनार? तुझा तिसरा स्पिनर?" केदारनाथ बाकावरून म्हणाला. "मागच्या मॅचला शेपूट किती चाललं? अकरा रना! एक फलंदाज जास्त पायजे."

"फलंदाज काय वाळत घालायचेत?"

गहिनीनाथला दोन्ही मतं पटत नव्हती. त्याला तिसरा फास्टर हवा होता. पण तोंडाला फेस होता, त्यामुळे गेली सात मिनिटं तो फक्त भुवयांनी विरोध नोंदवत होता. शेवटी "फास्टरचं तर नावच न्हाई कुनाच्या तोंडात," असं केदारनाथच म्हणाला आणि हसला. ते हसणं गहिनीनाथला सोसलं नाही. "कावून न्हाई बे?" म्हणत त्यानं मान वळवली. आसाराम तेव्हा मिशीची डावी कड सारखी करत होता.

तिघांनीही आरशात बघितलं. आरशात उजवीकडे पंचवीस वर्षं जोपासलेली झुपकेदार मिशी होती आणि डावीकडे काही नव्हतं.

"मी हाललो न्हाई. तू हाललास," आसाराम म्हणाला.

"आता डाव घोषित कर," केदारनाथनं सल्ला दिला. "अर्धी ठिवून काय उपेग?"

दुसरा मार्ग नव्हताच. आसारामनं उरलेलीही उतरवली. गहिनीनाथला टक्कल तिशीतच पडलेलं होतं. त्यामुळे मिशी गेल्यावर त्याच्या मानेच्या वर केस असा काही उरला नाही. वडील गेलेला माणूस जसा दिसतो, तसा तो हुबेहूब दिसू लागला. हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण केदारनाथ फोटो काढत होता, आसाराम माफी मागत होता आणि गहिनीनाथ तोंडाभोवती पांढरा रुमाल गुंडाळत होता.

तो खाली मान घालून दुकानाकडे निघाला. वाटेत सटवानं गाठलं. सटवाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस असो, निवड असो की निधन, कड्यातली बातमी आधी सटवाला कळायची आणि मग घडायची, असं लोक म्हणत.

"कावून रे तोंड झाकलंस? दाढ दुखती का?"

गहिनीनाथनं इकडेतिकडे बघून रुमाल खाली केला. सटवाचा चेहरा उतरला. त्यानं हळूच गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

"कवा झालं?"

"आत्ताच. धा-पंदरा मिनिटं झाली."

"घरीच?"

"न्हाई रे. आसारामच्या दुकानात. खुर्चीवरच."

"आरारारा. लई तरास झाला का?"

"काय कळलंच न्हाई. मान वळवली न् खलास."

सटवानं सुस्कारा सोडला. "सगळ्या कड्यात जोड न्हवती."

"न्हवती रे," म्हणत गहिनीनाथनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले.

"घरी सांगितलंस?"

"हिंमत व्हईना. जरा दुकानात जाऊन एकटा बसतो. कुनाला बोलू नको."

"आसली गोष्ट लपती व्हय, गहिनीनाथ?"

"लपत न्हाई, ते खरं हाय," गहिनीनाथ म्हणाला, रुमाल वर ओढला आणि चालू लागला.

सटवा पळतच आपल्या दुकानात गेला. गहिनीनाथच्या वडिलांचा, म्हणजे धोंडीराम आबांचा फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होताच. सहा वर्षांपूर्वी घराच्या वास्तुशांतीचा फ्लेक्स त्यानंच केला होता. आबांचा फेटा तसाच ठेवून त्यानं मागचं तोरण तेवढं काढलं, समई लावली आणि हनुमानरावांना फोन केला. हनुमानराव जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीत होते आणि गेल्या आठ महिन्यांत त्यांनी आष्टी तालुक्यातलं एकही मरण चुकवलं नव्हतं.

"साहेब, शोकाकुलमध्ये तुमचा फोटो टाकू का?"

"टाक. जरा मोठा टाक," हनुमानराव म्हणाले.

साडेदहाला 'भावपूर्ण श्रद्धांजली' शे-दीडशे फोनच्या स्टेटसला होती. अकराला फ्लेक्स चौकात होता.

इकडे गहिनीनाथनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. लोकांनी ते पाहिलं आणि ज्यांना शंका होती त्यांचीही गेली. केदारनाथनं सलूनमधला तो फोटो 'विकेट!' असं लिहून क्रिकेटच्या ग्रुपवर टाकला होता, म्हणून गहिनीनाथनं फोन आवाज बंद करून खताच्या पोत्यावर पालथा ठेवला होता.

घरी त्याची बायको प्रणिता भाकरी थापत होती आणि तिचा फोन सारखा वाजत होता. पहिला फोन मावशीचा.

"प्रणिता, आबा..."

"आबा व्हय? आत्ताच चहा पिऊन ओट्यावर गेलेत. हाक मारू का?"

पोरीला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही, हे मावशीनं ओळखलं. "नको नको. सहज केलता. तू जेवून घे बाई पोटभर."

पुढच्या अर्ध्या तासात सात जणांनी प्रणिताला जेवून घ्यायला सांगितलं. आठव्या वेळी तिनं वैतागून फोन पिठाच्या डब्यावर आपटला.

साडेअकराला दोन जीपगाड्या दारात थांबल्या. पुढच्या गाडीतून हनुमानराव उतरले. चेहरा गंभीर, हातात शेवंतीचा मोठा हार. मागून वीस-पंचवीस माणसं. त्यात आसाराम होता. आबा त्याच्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीवर गेले, असं त्याला तीन जणांनी सांगितलं होतं. सकाळी आबा दुकानात आलेच नव्हते, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी येण्याआधी त्यानं एकदा खुर्चीमागे वाकून बघितलं होतं. केदारनाथही दुकान बंद करून आला होता.

ओट्यावर धोंडीराम आबा वर्तमानपत्रातलं क्रिकेटचं पान वाचत होते. वय त्र्याऐंशी, कान शाबूत. त्यांनी चष्म्यावरून गर्दीकडे पाहिलं.

"कोन गेलं?"

मागच्या मागे दोघं सटकले. सटवा जीपच्या आड झाला. हनुमानरावांना मात्र सटकता येईना, कारण हार त्यांच्या हातात होता आणि आबा हाराकडेच बघत होते. पण वीस वर्षं राजकारणात काढलेला माणूस. पाच सेकंदांत त्यांचा चेहरा पालटला.

"गेलं कोन न्हाई, आबा. तुमचा सत्कार हाय! तालुक्यातला सगळ्यात जुना क्रिकेटवाला मानूस म्हनून." आणि त्यांनी हार आबांच्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या. प्रणिता पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आबांना सत्कार खोटा वाटला नाही. उलट थोडा उशिरा झाला असं वाटलं. "आलाच हायसा तर बसा," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र पुढे केलं. "हितं लिवलंय का अकरावा कोन ते अजून ठरलं न्हाई. तुमचं काय मत?"

झालं. आसारामनं तिसरा स्पिनर मांडला. केदारनाथनं फलंदाज मांडला. शोक करायला आलेल्या माणसांत उभी फूट पडली. आबा दोघांनाही मोडीत काढत होते. त्यांना अकरावा म्हणून आणखी एक विकेटकीपर हवा होता, ज्याचा विचार आजवर कोणीच केला नव्हता.

"साहेब, तुमी सांगा," कोणीतरी हनुमानरावांना म्हणालं.

"सगळ्यांचंच बराबर हाय," हनुमानराव म्हणाले. "आपन सगळ्यांना संधी देऊ."

"बारा जन खेळवता व्हय?" आबांनी विचारलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि हंबरडा ऐकू आला. आबांची धाकटी बहीण सारजाबाई लिंबागणेशहून आल्या होत्या. वास्तुशांतीच्या फ्लेक्सवर प्रणिताच्या माहेरच्या नऊ जणांचे फोटो होते आणि त्यांचा नव्हता, म्हणून त्या भर मांडवातून उठून गेल्या होत्या. 'तुझ्या मेल्या तोंडालाबी येनार न्हाई,' असं जाताना भावाला सांगून. त्याला सहा वर्षं झाली होती.

त्या कोणाकडे न बघता अंगणात मटकन बसल्या, पदर तोंडावर घेतला आणि रडू लागल्या.

"दादा रं माझ्या... मला न भेटता कसा गेलास रं... लई गुनाचा माझा दादा..."

केदारनाथ सांगायला पुढे सरकला. आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "थांब. बोलू दे तिला," ते हळू आवाजात म्हणाले.

"कवा मला वाकडा शबुद बोलला न्हाईस रं... माझ्या पोराला शिकवलंस रं..."

आबा मान डोलवत होते.

"एका फोटूपायी मीच डोकं फिरवलं... माझंच चुकलं रं दादा..."

"आता कसं बोललीस!" आबा म्हणाले.

सारजाबाईंचा पदर खाली आला. त्यांनी हार घातलेल्या भावाकडे बघितलं. मग त्याच्या पायांकडे बघितलं. मग पुन्हा तोंडाकडे.

"जित्ता हायस व्हय रं मेल्या!"

"हाय. पानी पी."

पाणी आलं. पण सारजाबाईंचं रडू थांबेना. आता त्या रागानं रडत होत्या आणि राग तर दुःखापेक्षा मोठ्या आवाजाचा होता.

नेमका त्या वेळी गहिनीनाथ चौकात होता. भूक लागली म्हणून तो दुकानातून निघाला होता. येणारेजाणारे त्याला हात जोडत होते. चहावाल्यानं त्याला बघून स्टोव्ह बारीक केला. मिशीसाठी लोक एवढं मनाला लावून घेतील, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला जरा बरंही वाटलं. मग त्यानं वर पाहिलं.

फेटा बांधलेले आबा. बाजूला समई. खाली हनुमानराव, आबांपेक्षा मोठे.

त्यानं फ्लेक्स तीनदा वाचला. आपण खताच्या पोत्यांत तोंड लपवून बसलो आणि इकडे आबा गेले. सगळ्या गावाला कळलं, आपल्याला नाही. त्याला पोत्यावर पालथा ठेवलेला फोन आठवला, त्यावर आलेले पन्नास फोन डोळ्यांपुढे आले आणि तो पळत सुटला. रुमाल वाटेत कुठेतरी पडला.

दारात जीपगाड्या होत्या. अंगणात माणसं होती. आणि मेल्या तोंडालाही न येणारी आत्या मधोमध बसून रडत होती. गहिनीनाथला आता कोणाला काही विचारायचं उरलं नाही. त्यानं अंगणाच्या फाटकावर डोकं टेकलं आणि पंचेचाळीस वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा रडू लागला.

"आबा... मी हितंच व्हतो की हो, आबा... दोन पावलांवर व्हतो..."

मघाशी बहिणीला रडू देणाऱ्या आबांना मुलाला रडू देणं जमलं नाही. हाराला धरून ते कसेबसे उठले.

"गहिन्या... आरं, मी हितं हाय."

गळ्यात हार घातलेले वडील चालत येताना पाहून गहिनीनाथ आधी दोन पावलं मागे गेला. मग त्यानं त्यांना मिठी मारली. शेवंतीच्या पाकळ्या दोघांच्या अंगभर झाल्या. सारजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. हनुमानरावांच्या माणसानं फोटो काढायला फोन वर केला होता, तो त्यानं आपण होऊन खाली घेतला.

जरा वेळानं आबांनी मुलाला हातभर लांब धरलं आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"ही काय भानगड हाय?"

आसाराम केदारनाथच्या मागे झाला. गहिनीनाथनं हुंदके देत सगळं सांगितलं. तिसरा स्पिनर, तिसरा फास्टर, वळलेली मान. सटवानं जीपच्या आडूनच बाकीचं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाप जित्ता असताना मिशी उतरवलीस," ते म्हणाले. "आता मी खरंच गेल्यावर काय उतरवशील?"

"तवर परत येती की, आबा," केदारनाथ म्हणाला.

"तवर म्हंजी? कवर?"

केदारनाथ आपल्या चपला शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाणेफेक झाली. संघात चार फास्टर निघाले. आसाराम, केदारनाथ आणि आबा, तिघांनीही निवड समितीला नावं ठेवली. मिळालेला चौथा फास्टर जास्तीचा आहे, अशी तक्रार गहिनीनाथनंही केली. मुक्कामाला राहिलेल्या सारजाबाईंनी टीव्हीसमोर बसत यातले आपले कोणते, एवढंच विचारलं. लिंबागणेशहून मुलाचा फोन आला, न्यायला कधी येऊ म्हणून.

"मॅच पाच दिसाची हाय म्हनं," त्या म्हणाल्या. "ती झाली का येते."

मॅच तिसऱ्या दिवशी चहापानाआधीच संपली. सारजाबाई तेराव्या दिवशी घरी गेल्या.