शेपटाकडून कापलेल्या पत्रांची बखर

श्री अक्षरदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, चैत्र मासापासोन एका राज्यात जे अद्भुत घडिले ते जैसे पाहिले-ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसू नये; ज्याचे गावी सकाळी वृत्तपत्र येते आणि चहा निवेपर्यंत वाचिले जाते, त्याने आपलेच समजावे. ते राज्यी संपादकपंत म्हणोन थोर पुरुष छापखान्याचे गादीवर विराजत होते. त्यांचा प्रताप काय वर्णावा! नगराध्यक्ष त्यांस भीत, कोतवाल त्यांस भीत, आणि ऐशा पुरुषाने चौथे पानी उजवे अंगास रयतेकरिता एक कोपरा राखिला होता, तेथे कोणीही गाऱ्हाणे लिहून धाडावे, नाव-पत्ता खरा द्यावा, दीडशे शब्दांत आटोपावे, ऐसी आज्ञा होती. आणि पत्र लांबले तर ते शेपटाकडून कापावे, हा त्या दरबारीचा पुरातन रिवाज. हा रिवाज ध्यानी धरावा, कारण पुढील सारे रामायण त्यातूनच जाहले.

त्या राज्यात दामोदर गुरुजी वडनेरकर, शाळेतून निवृत्त जाहलेले मोठे विद्वान गृहस्थ, आणि त्यांचे कुटुंब द्वारकाबाई. बाईंची मूत्रपिंडे थकली, म्हणोन आठवड्यात तीन वेळा इस्पितळी जावे आणि चार तास यंत्रास बांधून घेऊन रक्त शुद्ध करवावे, ऐसा नेम लागला. नगराची बस इस्पितळाचे दारात थांबत होती ती, काय मनात आले कोण जाणे, परिवहन खात्याने थांबा उचलोन अर्ध्या कोसावर नाक्यापाशी नेला. परतताना बाईंचे अंगी त्राण नुरे, आणि एवढ्याशा अंतरास रिक्षा येईना. मग गुरुजी कोपले आणि म्हणाले, "अगं, तू काळजी करू नकोस. लेखणी आहे माझ्याकडे. आठ दिवसांत थांबा दारात आणतो."

आणि गुरुजींनी पत्र लिहिले. काय ती भाषा! आरंभी पंतांचे निर्भीडपणाची स्तुती, मग लोकशाहीत वृत्तपत्रांचे स्थान, मग एक सुभाषित, आणि थांब्याची गोष्ट सर्वांचे शेवटी, कारण थोरांचे दारी जाताच हात पसरू नये ऐसा त्यांचा शिष्टाचार. दरबारी कात्री चालली. छापून आली ती स्तुती, खाली गुरुजींचे नाव. मग दुसरे पत्र धाडिले, त्यात प्रवासाचा इतिहास आदिकाळापासोन. ते पालखीपर्यंत छापिले आणि बसगाडी येण्यापूर्वीच संपले. कोपऱ्यावरचे पानवाले म्हणाले, "गुरुजी, पालखीचं झकास लिहिलंत हो!" गुरुजी लाजले, संतोषले, आणि कात्रण वहीत डकविते जाहले. ऐसे करिता वर्ष लोटले. सात पत्रे गेली, पाच छापली, आणि पाचांत थांब्याचा शब्द नाही. वही फुगत गेली आणि बाई चालत राहिल्या.

पुढे वैशाख आला. भर दुपारी इस्पितळातून परतताना बाई अर्ध्या वाटेत एका बंद दुकानाचे पायरीवर मटकन बसल्या. गुरुजींनी छत्री धरिली, आणि धीर द्यावा म्हणोन बोलिले, "पुढच्या पत्रात मी असं मांडतो बघ, की पुरातन काळी पांथस्थांसाठी धर्मशाळा..." बाईंनी वर पाहिले. ओठ कोरडे, पण आवाज खणखणीत. "अहो, तुम्हांला थांबा हवाय की वही भरायचीय? नमनालाच घडाभर तेल जाळता! घरी गेल्यावर मी सांगते ते लिहा. वर एक अक्षर घालायचं नाही."

गुरुजींस फार लाज वाटली. घरी येऊन पाणी पिऊन बाई सांगत्या जाहल्या आणि गुरुजी लिहिते जाहले. दोनदा त्यांनी 'माननीय महोदय' लिहावयास हात उचलिला आणि दोनदा बाईंनी "हं!" केले. पत्र ते ऐसे: "इस्पितळाच्या दारातला बसथांबा परत द्या. मी आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जाते. परतताना मला नाक्यापर्यंत चालवत नाही. इस्पितळात माझ्यासारखी आणखी एकोणीस माणसं असतात, त्यांनाही चालवत नाही. द्वारका वडनेरकर." आणि खाली पत्ता.

पत्र दरबारी पोहोचले. चिटणिसाने सवयीने कात्री उचलिली, शेपूट शोधिले, तो शेपूटच नाही! मग त्याने ते पंतांपुढे ठेविले. ज्यांस कोतवाल भीत त्या पंतांनी ते दोनदा वाचिले आणि चष्मा काढिला. दुसरे दिवशी पत्र अक्षरशः छापिले, आणि काय आश्चर्य सांगावे! एकोणिसांपैकी चौदांची पत्रे आली, परिवहनाचे अधिकारी स्वये नाक्यापासोन इस्पितळापर्यंत चालून घामाघूम जाहले, आणि अकरावे दिवशी दारात खांब उभा राहिला. सात पत्रांनी जे न जाहले ते चार ओळींनी केले. आम्ही तो खांब डोळ्यांनी पाहिला आणि नकळत हात जोडिले.

पहिले दिवशी बस दारात थांबली. वाहक म्हणाला, "बसा आजी, सावकाश. घाई नाही." बाई बसल्या, आणि गुरुजी भर बसमध्ये रडले, लपविले नाही. घरी येऊन त्यांनी पंतांस आठवे पत्र लिहिले: "थांबा आला. आज ती दारातून बसली. आभार." पंतांनी ते छापिले. खाली बरीच जागा उरली, तेथे चिटणीस शेवयांची जाहिरात बसवू लागला, तो पंत म्हणाले, "राहू द्या मोकळी."

येथे वर्तमान पुरे जाहले. कात्रणांची वही त्या आठव्या पत्रावर थांबली, आणि तिचे पहिले पानी आता बाईंचे पत्र डकविले आहे. बाई अद्याप आठवड्यातून तीन वेळा जातात, आणि दारात उतरतात.