मी जागा आहे, काळजी नसावी

संगणकाला झोपवणं आणि वेळेवर उठवणं, या विषयात आमच्या इमारतीत माझ्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही! असं ठणकावून मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे. एरवी दुकानात साबण मागायचा असला तरी मी ते वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघतो. पण हा विषय मी पुस्तकातून शिकलो आहे, आणि पुस्तकातलं मला कळतं. म्हणजे, कळतं असं वाटतं.

झालं असं. माझी मुलगी खोल्यांच्या अंतर्गत रचनेची कामं करते. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर तिला पहिलंच मोठं काम मिळण्याची आशा होती. एका रुग्णालयातला मुलांचा विभाग! तो कसा दिसेल याची चित्रफीत तिला दुसऱ्या गावी जाऊन सकाळी दहाला तिथल्या मंडळींना दाखवायची होती. ऐन दुपारी त्यांचा निरोप आला, "भिंतींचा रंग बदला." रंग बदलला, पण ती चित्रफीत नव्याने तयार व्हायला संगणकाला अख्खी रात्र लागणार. आणि मुलगी तर संध्याकाळच्या गाडीने निघालेली, सोबतीला तिची आई.

"बाबा, मी सगळं लावून ठेवलंय," चपला घालता घालता ती म्हणाली. "रात्री काम आपोआप सुरू होईल, आपोआप संपेल आणि चित्रफीत आपोआप माझ्याकडे येईल. तुम्ही फक्त एक करा."

"काय?"

"काही करू नका!"

"अहो, ऐकलंत ना?" सौभाग्यवती जिन्यातून ओरडल्या. "काही नाही म्हणजे काही नाही!"

आता मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. 'आपोआप' या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. छापखान्यात आपोआप फक्त चुका होतात.

त्या गेल्या आणि मी संगणकाबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. तिसऱ्याच पानावर मी अडकलो. काही वेळ कोणी हात लावला नाही, तर म्हणे हे यंत्र झोपतं! त्यातही प्रकार. एक साधी डुलकी, बोट लावलं की जाग येणारी. दुसरी कुंभकर्णी, सगळे दिवे मालवून. अहो, पण झोपलेल्याला रात्रीचं काम आठवणार कसं? मला जागेपणी आठवत नाही!

मी 'झोप' या सदरात जाऊन 'कधीही नाही' निवडलं. बरं वाटलं. मग कामाचं वेळापत्रक उघडलं. तिथे 'एकदाच' असं लिहिलेलं. माझ्या मनात आलं, तो एकदा हुकला तर? म्हणून 'रोज' केलं. आणखी बरं वाटलं.

तरी यंत्र खरंच जागं आहे हे मला अंथरुणात पडून कळणार कसं? पुस्तकात त्याचीही सोय होती! काम चालू असताना मधूनमधून एक घंटी वाजवता येते आणि सगळं पाठवून झाल्यावर दुसरी. घंटी नको असेल तर आपला आवाज भरता येतो.

मी मजकूर तयार केला. पहिल्या घंटीसाठी, "मी जागा आहे. काम चालू आहे. काळजी नसावी." 'काळजी करू नये' की 'काळजी नसावी', यावर बराच वेळ गेला. दुसरीसाठी, "काम पूर्ण झाले. सगळे सुखरूप पोहोचले. आता मी झोपतो." घरात कोणी नव्हतं, त्यामुळे मी चक्क खड्या आवाजात बोललो. कानाला मला कमी ऐकू येतं, म्हणून दोन्ही स्पीकर पूर्ण मोठे करून ठेवले. जेवलो, पुस्तक घेऊन पडलो, आणि नेहमीच्या सवयीने कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं.

अशी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती!

सकाळी वर्तमानपत्र घ्यायला दार उघडलं आणि समोर बघतो तर काय! खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन फौजदार बसलेले. फौजदार म्हणजे आमचे शेजारी. नोकरी गोदामातल्या पहारेकऱ्याची, पण मिशा बघून सगळे फौजदार म्हणतात, जसं मला पुस्तकं बघून पुस्तकराव. शेजारी त्यांची बायको, आमच्या वहिनी. आणि कुलपाशी डोळा लावून एक कुलूपवाला. दार उघडलं तसा तो माझ्या पोटावरच आदळला!

फौजदारांचे ओठ जोरजोरात हलत होते. मिशा पतंगाच्या शेपटीसारख्या उडत होत्या. मी बोटाने 'थांबा' अशी खूण केली, आत गेलो, कानात यंत्र घातलं आणि परत आलो. फौजदार अजून बोलतच होते.

"...जिवंत आहात! पुस्तकराव, तुम्ही जिवंत आहात!"

"हो, म्हणजे... असावा," मी म्हणालो.

"असावा काय असावा! रात्रभर आत ओरडताय, मी जागा आहे, मी जागा आहे! मी दार बडवलं. म्हटलं, पुस्तकराव, दार उघडा! तर तुम्ही आतून काय म्हणता? काळजी नसावी!"

"भावजी, मीसुद्धा हाक मारली," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, पोटात दुखतंय का? तर म्हणे, काम चालू आहे!"

कुलूपवाला खाली बघून हसायला लागला. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"फोन केला, उचलला नाहीत," फौजदार म्हणाले. "शेवटी तुमच्या सौभाग्यवतींना उठवलं. त्या म्हणाल्या, आमचे हे जन्मात कधी एवढ्या मोठ्याने बोललेले नाहीत. तो दुसराच कोणीतरी असणार! म्हणून ही काठी. आणि दार फोडायच्या आधी खबरदारी म्हणून मी खाली जाऊन तुमचा मेन स्विच काढला. आत वायरबियर काही असली म्हणजे?"

"मेन स्विच काढला?"

"काढला म्हणजे काढलाच!" फौजदार मिशीवर हात फिरवत म्हणाले.

मी धावत आतल्या खोलीत गेलो. पडदा काळा ठिक्कर. पंखा बंद. मुलीने नोकरी सोडली ती या कामाच्या भरवशावर. थोड्या वेळाने ती लोकांसमोर उभी राहणार, हातात काही नाही, आणि कारण काय? तर बापाला 'आपोआप' हा शब्द पटला नाही! मी मटकन खुर्चीत बसलो. माझ्या मागोमाग तिघेही आत आले.

"फौजदार," मी विचारलं, "तुम्ही स्विच नेमका कधी काढलात?"

"कधी म्हणजे? तुम्ही गेल्यावर!"

"मी कुठे गेलो?"

"भावजी, तुम्ही शेवटचं बोललात ना, त्यानंतर," वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "इतकं शांतपणे बोललात! काम पूर्ण झाले. सगळे सुखरूप पोहोचले. आता मी झोपतो. आणि मग एकदम चिडीचूप. मला तर रडूच फुटलं. म्हटलं, काय पुण्यवान माणूस, असं सांगून कोण जातं?"

"पुन्हा सांगा!" मी ताडकन उठलो.

"काय, पुण्यवान?"

"त्याच्या आधीचं! सगळे सुखरूप पोहोचले, हे मी म्हणालो? नक्की? तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंत?"

"अख्ख्या इमारतीने ऐकलंय!" फौजदार गरजले.

वाचकहो, मी फौजदारांना मिठी मारली! मी लग्नातसुद्धा कोणाला मिठी मारली नव्हती. फौजदार काठीसकट ताठ उभे राहिले. कुलूपवाल्याने विचारलं, "मग दार उघडायचं आहे की नाही?" मी त्यालाही मिठी मारणार होतो, पण तो मागे सरकला.

मग सौभाग्यवतींना फोन करून 'जिवंत आहे' एवढं कळवलं; मुलीचं काम बिघडू नये म्हणून त्यांनी तिला रात्रीचं काहीच सांगितलं नव्हतं. साडेअकराला मुलीचा फोन आला. "बाबा, मिळालं! काम मिळालं! चित्रफीत पहाटेच पोहोचली होती. बघा, तुम्ही कशाला हात लावला नाहीत, म्हणून सगळं कसं सुरळीत झालं!"

"मी रात्रभर शांत झोपलो होतो गं," मी म्हणालो. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

फौजदारांनी स्विच लावला, मी संगणक पुन्हा सुरू केला. पण संध्याकाळी ते पुन्हा आले, दोन्ही स्पीकर काढले आणि एकेक काखेत मारून आपल्या घरी घेऊन गेले. "आज मला झोप पाहिजे, पुस्तकराव!" त्या रात्री इमारतीतल्या सगळ्यांनाच छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुलीचा फोन.

"बाबा, तीच चित्रफीत मला आजही आली."

मी वर्तमानपत्राची घडी घालायला लागलो.

"मी 'एकदाच' ठेवलं होतं. तिथे 'रोज' कोणी केलं? बाबा? बाबा, ऐकू येतंय ना?"

मी कानातलं यंत्र हळूच काढलं आणि डबीत ठेवून दिलं.