व्याह्यांची कॅन

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, तापलेल्या पत्र्याच्या डब्यात साठ माणसांची तिकिटं फाडली. त्यामुळं ऊन लागणं हा प्रकार पुण्या-मुंबईकडच्या लोकांना होतो, आमच्या इकडच्या, मुंबईतल्या नव्हे, गोरेगावच्या ताराचंदला नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. हो, सांगायचो. आता नाही सांगत.

झालं असं की माझ्या भाचीचं, खुशबूचं लग्न ठरलं. तिचे वडील पाच वर्षांमागं गेले, माझी बहीण अल्का एकटी, म्हणून बापाच्या जागी मीच. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाचे वडील केशोराव आले. खुर्चीवर टेकले, पाण्याचा गिलास उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "पानी कोमट आहे." मग उरलेला गिलास रिकामा करून खाली ठेवला. बस, एवढंच! पण अल्काचा चेहरा जो पडला तो पाहवेना. पाहुणे गेल्यावर ती रडायलाच लागली, की पाण्यावरून सुरुवात झाली, आता पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल.

मला कुठलं राहवतं? मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "लग्नात व्याह्याले दात ठणकतीन असं थंडं पानी पाजतो. नाही पाजलं तर नावाचा ताराचंद नाही!"

लग्नाची तारीख निघाली अठ्ठावीस मे. म्हणजे ऐन नवतपा. या नऊ दिवसांत आमच्याकडं कुत्रंही नालीतून उठत नाही. पाण्याच्या बाकीच्या कॅन सकाळीच टेम्पोनं अल्काच्या गावी गेल्या आणि अकरा वाजेपर्यंत त्यातल्या पाण्याचा चहा करावा अशी अवस्था झाल्याचा फोन आला. मला माहीतच होतं! म्हणून व्याह्यांची खास कॅन मी गोरेगावला बर्फात ठेवली होती. झाकणावर चिकटपट्टीचे चार वेढे मारले, वर पेनानं 'वरपित्यासाठी' असं लिहिलं. हे सील केशोरावच तोडतील, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवलं आणि मोटरसायकल काढली.

मागं आमची बायको लीलाबाई, मधे वीस लिटरची कॅन, माझ्या खिशात कांदा. खिशात कांदा असला की लू लागत नाही, हे आमच्याकडं कोणालाही विचारा. पण सीट अशी तापली होती की लीलाबाई टेकली आणि ओरडून उठली. मी म्हटलं, थांब. तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि सगळी सीटवर ओतली.

"अवो, ते पेवाचं पानी होतं न जी! लिंबू, साखर, मीठ टाकून आणलं होतं. काऊन सांडवून राहिले?"

मी म्हटलं, अर्ध्या तासाचा रस्ता, तहान लागायला वेळ तरी कुठं आहे. सीट गार झाली खरी, पण साखरेनं चिकटही झाली. लग्नाची नवी साडी सीटला चिकटली तशी लीलाबाई गप्प झाली, ती थेट टायर पंक्चर होईपर्यंत.

पंक्चर झालं ते मामा तलावाच्या अलीकडं. हा जुना मालगुजारी तलाव, यंदा तळापर्यंत आटलेला. पलीकडं अल्काचं गाव दिसत होतं. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, रस्त्यानं वळसा घालून सहा किलोमीटर, तलावातून सरळ दोन. लीलाबाई म्हणाली, झाडाखाली थांबू, कोणाची तरी गाडी येईल. मी म्हटलं, गाडीची वाट पाहत बसलो तर पाणी तापेल. दुपट्ट्याची चुंबळ केली, कॅन खांद्यावर घेतली आणि तलावात उतरलो.

तळाला हातभर भेगा, सावलीला एक बाभूळ नाही. खालून चटका, वरून चटका. मोबाईल तापून बंद पडला. दहा मिनिटांत माझा सदरा पिळून निघाला, पायात गोळे आले, डोकं ठणकायला लागलं. लीलाबाई मागून म्हणत होती, कॅन खोला, दोन घोट प्या. मी म्हटलं, सील तुटलं तर व्याही म्हणतील उष्टं पाणी पाजलं. मग ती म्हणाली की निदान तिला तरी द्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पाहिलं, आणि कॅन दुसऱ्या खांद्यावर घेतली. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

अर्ध्या वाटेवर गंमत झाली. सदरा वाळला! मी लीलाबाईला म्हटलं, बघ, घाम थांबला, अंग उन्हाला सरावलं.

यानंतरचं मला काहीच आठवत नाही. लीलाबाईनं सांगितलं ते सांगतो. मी तलावाच्या मधोमध थांबलो आणि मोठ्यानं म्हणालो, सौंदडवाले पुढं सरका, दारात उभं राहू नका. मग तिच्याकडं वळून विचारलं, "मावशी, कुठं जायचं?"

संसारात मी तिला नाही नाही ते बोललो असेन, पण मावशी कधी म्हटलं नव्हतं. ती बिचारी हादरली. मी सुट्टे पैसे मागत खाली बसलो. ती दातांनी चिकटपट्टी तोडायला लागली, तर मी म्हणे तिचा हात धरला, की प्रवाशांनी सीलला हात लावू नये! शेवटी तिनं मला ढकलून पाडलं, झाकण उपटलं, आणि रडत रडत व्याह्यांचं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मग स्वतः दोन घोट प्यायली आणि माझा लाल दुपट्टा घेऊन पाळीकडं हलवायला लागली.

पाळीवरून तेव्हाच नवरदेवाची वरात गाड्यांतून चालली होती. वऱ्हाड्यांना वाटलं, मुलीकडचे स्वागताला तलावात उभे आहेत! बँडवाल्यानं खिडकीतून दोन ठोकेही दिले. पण केशोराव उतरून पाहायला आले, आणि लीलाबाईचा आवाज ऐकून पासष्ट वर्षांचा तो माणूस धावत सुटला. चौघांनी मला उचलून नवरदेवाच्या गाडीत घातलं. दवाखान्यापर्यंत केशोरावांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, उरलेल्या पाण्यात दुपट्टा भिजवून भिजवून अंग पुसलं. मी त्यांनाही तिकीट विचारलं म्हणतात.

दोन सलाईननंतर मी माणसांत आलो. डॉक्टरीणबाई तरुण, पण आमच्या हेडमास्तरांसारख्या कडक. त्यांनी माझ्या खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला. "घाम थांबला तेव्हा तुम्ही खूश झालात? काका, तेव्हाच तुम्ही चालला होता. आणि वीस लिटर पाणी खांद्यावर असताना पाण्यावाचून?" मी भिंतीकडं तोंड केलं.

बाराचं लग्न साडेपाचला लागलं. मामा आल्याशिवाय लावायचं नाही, असं केशोरावांनी बजावून ठेवलं होतं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं नवरीच्या पांढऱ्या साडीतली खुशबू उठून आली, माझ्या हातात लिंबूपाण्याचा गिलास दिला आणि संपेपर्यंत समोरून हलली नाही. माझे डोळे भरून आले. म्हटलं, पाणी परत आलं बुवा अंगात.

जेवताना मी केशोरावांना हात जोडले. म्हटलं, माफ करा, तुमच्यासाठी आणलेलं थंड पाणी माझ्याच डोक्यावर गेलं.

"अजी, मले कुठं थंडं चालते?" ते म्हणाले. "दात ठणकते न जी. म्हणून तर साक्षगंधाले म्हटलं, पानी कोमट आहे. मले लय बरं वाटलं, का माह्या दाताची कोनीतरी काळजी केली."

लीलाबाईनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं अजून चालू आहे.

आता उन्हाचं कुठं निघालो की पाण्याची बाटली तिच्याच हातात असते. सीट कितीही पोळू दे, मी आपला मुकाट्यानं बसतो.