दहा गुणांचा दंड

सासूबाईंच्या तोंडाला साबण लागलेला असताना नळ गेला. बारीक होत होत गेला असंही नाही. आधी एकदा खाकरला, मग थोडा फुरफुरला आणि एकदम अबोल झाला.

"जावईबापू!" बाथरूममधून हाक आली. "तुमच्या संस्थेत सोमवारी पाणी नसतं का?"

जावईबापू तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एका आलेखाकडे प्रेमाने बघत बसले होते. संस्थेत ते संशोधक होते, आणि सहा वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते: आवारातल्या तिन्ही टाक्यांना कमीत कमी विजेत पाणी कसं पुरवावं. पंप कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. सहा प्रकरणं लिहून झाली होती. सातवं प्रकरण म्हणजे प्रत्यक्ष चाचणी. गेल्या गुरुवारी प्रोग्राम खऱ्या पंपाला जोडला होता, येत्या शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि मुदतवाढीचे सगळे अर्ज संपले होते. यंदा प्रबंध झाला तर झाला, नाहीतर सहा वर्षं पाण्यात.

आलेख मात्र देखणा होता. चार दिवसांत विजेचा खर्च एकेचाळीस टक्क्यांनी खाली आला होता.

"पाण्याचं काय झालं, ते बघ ना," बायको म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि तिला आठची घंटा गाठायची होती. "आई साबणात उभी आहे."

त्याने पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या दाराच्या फटीतून आत सरकवला. मग त्याने विचार केला. प्रोग्रामवर शंका घेणं त्याच्या मनातही आलं नाही. सहा वर्षं सांभाळलेल्या लेकरावर पहिली शंका कोण घेतं? मग उरले पंपकाका.

पंपकाका तेवीस वर्षं पंपघरात होते. संस्थेचे तीन संचालक बदलले, दोनदा पंप बदलला, काका तेच. गुरुवारपासून त्यांना एक खुर्ची देऊन सांगण्यात आलं होतं की आता फक्त बसायचं, कशालाही हात लावायचा नाही. काकांनी मान डोलावली होती, पण तेवीस वर्षांची सवय असलेला माणूस नुसता बसेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

त्याने विभागप्रमुख मॅडमना फोन लावला. प्रबंधाच्या मार्गदर्शकही त्याच होत्या.

"मॅडम, एकेचाळीस टक्के!"

"वा! आणि हे पाणी कशाने गेलं?"

"काही नाही हो मॅडम, काकांनी बहुतेक हात लावला असेल."

एवढंच वाक्य. त्यात 'बहुतेक' होतं, 'असेल' होतं. पण मॅडमनी ते आस्थापना विभागाला सांगितलं तेव्हा 'बहुतेक' गळालं, आणि आस्थापना विभागाने ते कागदावर उतरवलं तेव्हा 'असेल'ही गेलं. संध्याकाळी पाचच्या आत काकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली: स्वयंचलित यंत्रणेत हस्तक्षेप करून पाणीपुरवठा विस्कळीत केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? गुरुवारी चौकशी. तोवर पंपघराची किल्ली जमा करावी.

निवृत्तीला काकांचे अकरा महिने राहिले होते.

नोटिशीचं कळलं तेव्हा संशोधकाने मॅडमना फोन लावायला घेतला. पण चौकशीत सगळं नीट होईल, काकांना समज देऊन सोडतील, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. अशा समजुती काढण्यात शिकलेली माणसं फार तरबेज असतात.

मंगळवारी सकाळी एकाही नळाला पाणी नव्हतं. वसतिगृहातली मुलं बादल्या घेऊन बागेतल्या विहिरीवर रांगेत उभी राहिली. प्रयोगशाळेत दोन प्रयोग थांबले. सासूबाईंनी मुक्काम आवरता घ्यायची भाषा सुरू केली, आणि एरवी ज्या बातमीने जावयाला बरं वाटलं असतं तिने या वेळी अपमान झाल्यासारखं वाटलं.

पंपघराच्या दाराशी आता एक पहारेकरी बसवला होता. संशोधकाने त्याला विचारलं, "आत सगळं नीट आहे ना? कुणी हात लावला नाही?"

"नाही साहेब. कुणी फिरकलंसुद्धा नाही. एकदम शांत चाललंय."

"शांत?"

"आवाजसुद्धा नाही."

पंप चांगला दिसतो, काकांनी रिकाम्या केलेल्या टाक्या भरायला वेळ लागत असेल, असं मनात म्हणत तो परतला.

बुधवारी सकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि खुर्चीतून उठलाच. आलेख जमिनीला टेकला होता. बचत शहाण्णव टक्के! त्याने मॅडमना संदेश पाठवला. मॅडमनी तीन उद्गारचिन्हं पाठवली, आणि पाठोपाठ विचारलं, 'जगात कुठे इतकी नोंदली गेली आहे का?'

"शहाण्णव टक्के," त्याने टेबलावर जाहीर केलं. "काका बाजूला झाले आणि बघा!"

विहिरीच्या पाण्याचा चहा सासूबाई गाळून घेत होत्या. त्यांनी गाळणी बाजूला ठेवली.

"म्हणजे शंभरातली शहाण्णव वीज वाचली?"

"हो."

"मग उरलेली चार कशाला लागते?"

हा प्रश्न त्याला सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. तीन शोधनिबंध छापून आले होते, दोन परिषदांत टाळ्या पडल्या होत्या, पण वाचवून उरलेली वीज कशाला लागते, याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"पंपघरातला संगणक असतो," तो म्हणाला. "एक दिवा असतो. पंखा…"

"आणि पंप?"

बायकोने दप्तर खांद्याला लावता लावता त्याच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवलं.

"अरे, पंप चालतोय ना?"

त्याच्या नोंदवहीत टाक्यांची पातळी दाखवणारा एक रकाना होता, अकरावा. तो रकाना त्यानेच तयार केला होता, आणि विजेचा पहिला रकाना इतका गोड दिसायचा की अकराव्यापर्यंत जायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. आता त्याने तो उघडला. सोमवारपासून खाली नुसती शून्यं होती. एकाखाली एक, अगदी शिस्तीत.

मग त्याने प्रोग्राम उघडला. चूक शोधायला चार मिनिटं लागली. प्रोग्रामला त्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वीज जाळलीस तर इतके गुण कापीन. आणि टाकी कोरडी पडली तर दंड म्हणून आणखी कापीन. एकूण कापाकापी कमीत कमी कर, बाकी तुझं तू बघ. त्यात टाकी कोरडी पडण्याचा दंड होता दहा गुण. शेजारी त्याच्याच हाताची टीप होती: 'तात्पुरता. नंतर वाढवणे.' तारीख तीन वर्षांपूर्वीची.

पंप दिवसभर चालवला तर विजेपायी नऊशे गुण जात होते. न चालवला तर तीन टाक्यांचे मिळून तीस. प्रोग्रामने हिशेब केला, तीस गुणांचा दंड मुकाट्याने सोसला आणि स्वस्थ बसून राहिला. बेट्याने आज्ञाभंग कुठेच केला नव्हता. संगणकावरच्या चाचणीत हे उघडं पडलं नाही, कारण तिथे टाक्या भरलेल्या असायच्या आणि चाचणी एका दिवसाची. टाकी तळाला जायच्या आत दिवस संपायचा.

"पण मग सोमवारपर्यंत पाणी येत होतं ते कसं?" बायकोने विचारलं.

त्याचं उत्तर त्याला कळलं होतं. चहा तसाच सोडून तो पंपकाकांच्या खोलीकडे निघाला.

पंपकाका त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसून नोटिशीला उत्तर लिहीत होते. दोन ओळी लिहून झाल्या होत्या आणि दोन्ही खोडलेल्या होत्या.

"काका, तुम्ही पंपाला हात लावत होतात का?"

"लावत होतो की," काका म्हणाले. "रोज पहाटे चाळीस मिनिटं. हाताच्या बटणावर. रविवारी सगळ्यांनी कपडे काढले धुवायला, म्हणून सोमवारी कमी पडलं. तेवढी चूक माझीच म्हणा."

"अहो, पण मला सांगितलं का नाही?"

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"सांगणार होतो हो. पण शुक्रवारी तुम्ही ते कमी झालेलं दाखवायला आलात ना मला, आलेख की काय तो. इतके खूश होतात! सहा वर्षं बघतोय तुम्हाला. म्हटलं, पोराची परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू सावकाश. आठवड्याचा तर प्रश्न. शिवाय घरात तुमच्या सासूबाई आलेल्या. पाण्यावाचून कशाला तमाशा?"

संशोधकाला फार लाज वाटली. इतकी, की क्षणभर त्याला प्रबंधाचाही विसर पडला. मग तो आठवला आणि अधिकच वाईट वाटलं, कारण दोन्हींतलं एकच वाचणार होतं हे त्याला स्वच्छ दिसत होतं. गुरुवारी गप्प बसलं तर शुक्रवारी शहाण्णव टक्के दाखवता येणार होते. परीक्षक एका दिवसासाठी येणार, ते काही आंघोळीला थांबणार नव्हते.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"आणि तू काय ठरवलंयस?"

"विचार करतोय."

"कर," ती म्हणाली. "पण अकरावा रकाना उघडा ठेवून कर."

गुरुवारी अकरा वाजता मॅडमच्या खोलीत चौकशी सुरू झाली. आस्थापना अधिकारी फाईल घेऊन बसले होते. काका हात बांधून उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"तुम्ही यंत्रणेला हात लावलात हे खरं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खरं," काका म्हणाले.

"संपलं तर मग." अधिकारी लिहू लागले.

"संपलं नाही," संशोधक म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्यांनी हात लावला म्हणून पाणी गेलं नाही. लावला म्हणून चार दिवस आलं. पाणी माझ्या प्रोग्रामने बंद केलं. मी तपासलं नाही आणि काकांचं नाव घेऊन मोकळा झालो."

आणि त्याने अकरावा रकाना टेबलावर ठेवला.

मॅडमनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. मग चष्मा काढला.

"दंड किती ठेवला होतास?"

"दहा."

"हवा होता किती?"

"दहा हजार."

"त्या तिन्ही निबंधांवर माझंही नाव आहे," मॅडम म्हणाल्या. तोंडावर पाणी मारावं म्हणून त्या उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, नळ फिरवला, आणि तशाच परत येऊन बसल्या.

"काका, बसा ना," त्या म्हणाल्या. "आणि त्यांची किल्ली द्या आधी."

त्या दुपारी पंपघरात दोन खुर्च्या होत्या. संशोधकाने दंड दहा हजार केला, चाचणी एका दिवसाऐवजी पूर्ण महिन्याची लावली, आणि प्रोग्राम नव्याने गणित करू लागला. काका वरच्या पाइपाला कान लावून पंप चालवत होते. तीन तासांनी उत्तर आलं. पंप पहाटे सव्वाचारला सुरू करावा, दुपारी तीनला पुन्हा, रविवारी तासभर जास्त.

काकांनी वाचलं. "सव्वाचार नको," ते म्हणाले. "चार दहा. वसतिगृहाची टाकी जरा उशिरा धरते."

पाच मिनिटं अलीकडे घेऊन पाहिलं तर वीज आणखी थोडी कमी लागत होती. एकूण बचत, काकांच्या तेवीस वर्षांच्या सवयीपेक्षा, पाऊण टक्का.

शुक्रवारी परीक्षकांसमोर त्याने पाऊण टक्काच सांगितला, आणि आधीचे शहाण्णव कसे आले तेही सांगितलं. परीक्षक बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "सातवं प्रकरण पुन्हा लिहा. सहा महिने देतो. आणि हे शहाण्णववालं सविस्तर लिहा, गाळू नका. माझी स्वतःची दोन गणितं मला आज घरी जाऊन उघडायची आहेत."

राहता राहिली चौकशी. आस्थापना अधिकाऱ्यांचं म्हणणं, एकदा उघडलेली फाईल कुणाला तरी दोषी धरल्याशिवाय बंद करता येत नाही, तसा नमुनाच नाही. काका निर्दोष. संशोधक कर्मचारी नव्हे, विद्यार्थी, त्यामुळे त्याला नोटीस देता येईना. शेवटी त्यांनी नोटीस प्रोग्रामच्या नावाने काढली. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. आणि प्रोग्राम आता काकांच्या देखरेखीखाली असल्यामुळे खुलासा काकांच्या सहीने यावा.

काकांनी तो खुलासा एका बैठकीत लिहिला. या वेळी एकही ओळ खोडली नाही. कार्यालयात देण्याआधी तो वाचायला म्हणून त्यांनी संशोधकाच्या घरी आणून दिला आणि पंपाची वेळ झाली म्हणून लगेच निघूनही गेले. संशोधकाने दारातच उभं राहून वाचला:

'सदर प्रोग्राम स्वभावाने वाईट नाही. मेहनती आहे, पण नवीन आहे. कामाच्या नादात आजूबाजूला बघायचं राहून गेलं. चूक लक्षात आल्यावर स्वतःहून कबूल केली आहे. दंड वाढवल्यापासून वागणूक सुधारली आहे. तरी या वेळी सांभाळून घ्यावे, ही विनंती.'

त्याने तो पुन्हा एकदा वाचला. प्रोग्रामने स्वतःहून काहीच कबूल केलं नव्हतं. त्याला भरून आलं.

"काय हो, काय लिहिलंय?" सासूबाईंनी बाथरूममधून विचारलं. त्यांनी मुक्काम आठवडाभर वाढवला होता.

"सांभाळून घ्या म्हणून लिहिलंय," तो म्हणाला. नळ मोठा सोडलेला होता, त्यामुळे त्यांना ते ऐकूही गेलं नाही.